ऐकायचा खाऊ: चित्रविचित्र पदार्थांच्या खाण्याच्या आवाजाचा पहिला व्हिडिओ घरी कसा करावा

रंगीत स्फटिकासारखा दिसणारा एक खडा. तो दातांखाली येतो, वरचं साखरेचं कवच 'चुर्र' करून फुटतं आणि आतली जेली 'मुच्' करून दबते. पडद्यावर फक्त हात आणि ओठ दिसतात, कुणी बोलत नाही, मागे संगीत नाही. असे व्हिडिओ मी गेली काही वर्षं रात्री हेडफोन लावून ऐकते. हो, ऐकते, बघणं त्यात दुय्यम आहे. मग स्वतः करायला लागले. आता ओळखीतली मुलं विचारतात, "ताई, सुरुवात कशापासून करू?" त्यांना दर वेळी जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन नावं समजून घ्या, कारण लोक ती एकमेकांत मिसळतात. काही आवाज ऐकताना डोक्याच्या टाळूपासून मानेवरून पाठीत उतरणारी एक हलकी, सुखद झिणझिण होते. तिला 'एएसएमआर' म्हणतात. हे नाव २०१० मध्ये जेनिफर ॲलन या अमेरिकन बाईंनी दिलं. सगळ्यांनाच ती झिणझिण होत नाही. ज्यांना होते त्यांच्यावर इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे व्हिडिओ पाहताना त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीननं कमी झालेले दिसले. मन शांत होतं असं लोक म्हणतात, त्याला शरीराचीही साक्ष आहे.

दुसरं नाव 'मुकबांग'. कोरियन भाषेत 'मोक्नुन' म्हणजे खाणारा आणि 'बांगसोंग' म्हणजे प्रसारण, त्यांचा हा जोडशब्द. २०१० च्या आसपास दक्षिण कोरियात लोक कॅमेऱ्यासमोर बसून प्रेक्षकांशी गप्पा मारत जेवायला लागले, तिथून हा प्रकार आला. पुढे त्यात ढीगभर खाण्याची चढाओढ शिरली. चीननं तर एप्रिल २०२१ मध्ये अन्नाची नासाडी रोखणारा कायदा केला आणि अफाट खाण्याचे कार्यक्रम दाखवणाऱ्यांना एक लाख युआनपर्यंत दंड ठेवला. आपल्याला जो व्हिडिओ करायचा आहे तो यापेक्षा वेगळा आहे. त्यात गप्पा नाहीत, ढीग नाही. पाच-सहा तुकडे पुरतात. पदार्थ किती खाल्ला याला इथे काडीचंही महत्त्व नाही. तो कसा वाजला याला आहे. एवढं मनात पक्कं असेल तर पुढची सगळी कामं आपोआप सोपी होतात.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं ऐका

कॅमेरा, माईक, पदार्थ, काहीही विकत घेऊ नका. साधे वायरचे हेडफोन घ्या, आवाज एकदम लहान ठेवा आणि रोज दोन-तीन व्हिडिओ डोळे मिटून ऐका. शेजारी वही ठेवा. प्रत्येक पदार्थाचा आवाज मराठीत लिहून काढा.

हे काम वरकरणी पोरकट वाटेल, पण करून बघा. आपल्या भाषेत खाण्याच्या आवाजांची केवढी संपत्ती आहे! करंजी खुसखुशीत असते, चकली कुरकुरीत, चिक्की कडक, गूळपापडी रवाळ, शंकरपाळी खुटखुटीत. काकडी कचकन तुटते, शेंगदाणा कटकन, पापड चुरचुरतो, जांभळाची साल टचकन फुटते. हे शब्द म्हणजे ध्वनीचं वर्गीकरणच आहे. 'खुसखुशीत' म्हणताना 'ख' आणि 'स' जिभेवर जसे मऊ घासतात, तसंच त्या पदार्थाचं तुटणं असतं. 'कडक'मधला 'ड' जसा आपटतो, तशी चिक्की तुटते. आठवडाभरात तुमच्या लक्षात येईल की तुमचे कान दोन-तीनच शब्दांना खास प्रतिसाद देतात. माझे 'चुर्र' आणि 'टच्' यांना देतात. तुमचे वेगळे असतील. पहिला पदार्थ त्या शब्दावरून निवडायचा, रंगावरून नाही.

आवाजाचा चवीवर किती जोर चालतो याचा एक सुंदर प्रयोग ऑक्सफर्डच्या मॅसिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना बटाट्याचे वेफर माईकसमोर चावायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना परत ऐकवला. आवाज मोठा केला, किंवा त्यातला २ किलोहर्ट्झच्या वरचा पातळ, तीक्ष्ण भाग तेवढा वाढवला, की लोक म्हणत वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजे आहेत. वेफर तेच होते. या कामाला २००८ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. आपल्यासाठी यातला उपयोगाचा भाग म्हणजे तो २ किलोहर्ट्झचा आकडा. कुरकुरीतपणा त्याच्या वर राहतो. संपादनाच्या वेळी तो पुन्हा लागेल.

आणखी एक. घरातल्या माणसांना हेडफोनशिवाय हे ऐकवू नका. काहींना चावण्याच्या आवाजानं शांत वाटण्याऐवजी संताप येतो, जीव नकोसा होतो. त्याला 'मिसोफोनिया' हे नाव आहे, २००१ पासून ते वापरात आहे. "एवढ्याशा आवाजानं काय होतंय" असं त्यांना म्हणू नये. लहानपणी जेवताना "मचमच करू नकोस" म्हणून ओरडणाऱ्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला खरोखरच तो आवाज सोसत नसेल, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी पायरी: पदार्थ निवडणं

या व्हिडिओंमधले 'विचित्र' पदार्थ बहुतेक पूर्व आशियातून आले आहेत, आणि तिथे त्यातले बरेचसे मुळीच विचित्र नाहीत.

समुद्रद्राक्षं घ्या. जपानच्या ओकिनावा बेटांवर त्यांना 'उमिबुदो' म्हणतात. ते एक समुद्री शेवाळ आहे. बारीक हिरव्या मण्यांचे घोस, प्रत्येक मण्यात खारं पाणी. चावल्यावर ओळीनं 'टच् टच् टच्' फुटतात. फिलिपिन्स आणि व्हिएतनाममध्येही ती खातात. व्हिएतनामची मिठात सुकवलेली पाकिटं मिळतात. साध्या पाण्यात काही मिनिटं भिजवली की मणी पुन्हा फुगतात. ताजी असोत वा भिजवलेली, फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं ती मलूल होतात. आणि भिजवल्यावर लगेच रेकॉर्डिंग करा, कारण मणी हळूहळू पाणी सोडतात.

तांघुलू हा चीनच्या उत्तर भागातला, विशेषतः बीजिंगचा हिवाळी खाऊ. काडीवर ओवलेली आंबट लाल फळं आणि त्यावर काचेसारखा साखरेचा थर. २०२३ मध्ये कोरियातल्या शाळकरी मुलांना त्याचं वेड लागलं आणि तिथून तो जगभरच्या व्हिडिओंमध्ये पसरला. त्याचा आवाज या सगळ्या प्रकारांत सगळ्यात मोठा आणि स्वच्छ: आधी काच फुटल्यासारखी 'कटाक्', मग फळाची 'कच्'.

'बेडकाची अंडी' या नावानं घाबरवणारी भांडी दिसतात ना? त्यात पुष्कळदा भिजवलेला सब्जा असतो. आपल्या फालुद्यातला. तो वाजतो फार कमी, पण गिळगिळीत आवाज आवडणारा मोठा वर्ग आहे.

दिसायला अद्भुत आणि ऐकायला शून्य असेही पदार्थ आहेत. जपानच्या यामानाशी भागातली 'मिझु शिंगेन मोची', म्हणजे पाण्याच्या थेंबासारखी पारदर्शक मिठाई, अर्ध्या तासात विरघळून जाते. २०१६ मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली आणि सगळीकडे गाजली. नवीन माणूस हमखास तिच्या मोहात पडतो. तिला आवाजच नाही. चमचा लागतानाची 'टिक्' तेवढी मिळते. पहिल्या व्हिडिओसाठी ती नको.

आणि आपल्याकडची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाता येणारे दागिने, खाता येणारा कंगवा, खाता येणारी काच असले व्हिडिओ लोक डोळे विस्फारून बघतात. संक्रांतीला आपण सुनेला आणि बाळाला साखरेचे दागिने पिढ्यान्‌पिढ्या घालत आलो आहोत! काटेरी हलवा बोलतो अप्रतिम. मंद आचेवर खसखशीवर किंवा तिळावर थेंब थेंब पाक सोडत, हातानं हलवत तासन्‌तास बसल्यावर तो काटा येतो, आणि दातांखाली ते काटे आधी चुरतात, मग दाणा फुटतो. एका घासात दोन आवाज. फक्त तयार दागिना तोंडात घालू नका. त्यात दोरा, तार, पुठ्ठा, डिंक असतो. सुटा हलवा घ्या. पाडव्याच्या गाठीही अशाच, पोकळ आणि ठिसूळ. माईकजवळ त्या इतक्या सुरेख तुटतात की पहिल्यांदा ऐकताना मी तोच तुकडा चार वेळा मागे घेऊन ऐकला.

तरीही पहिल्या व्हिडिओसाठी मी प्रत्येकाला एकच पदार्थ सुचवते: कोहाकुतो. स्वस्त आहे, शाकाहारी आहे, घरी होतो, दिसायला रत्नासारखा असतो आणि आवाज क्षमाशील आहे, म्हणजे साध्या माईकवरही चांगला येतो.

तिसरी पायरी: कोहाकुतो करणं

'कोहाकु' म्हणजे अंबर, 'तो' म्हणजे साखर. जपानी मिठाईतला जुना प्रकार. साहित्य तीनच वस्तूंचं: पाणी, साखर आणि अगर-अगर, म्हणजे आपल्या वाण्याकडचं चायना ग्रास. समुद्री शेवाळापासून होतं, त्यामुळे प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनची शंका नाही.

प्रमाण असं: २०० मिली पाणी, ६ ग्रॅम अगर-अगरची पूड, ३०० ग्रॅम साखर. पूड न मिळता लांब पट्ट्या मिळाल्या तर तेवढ्याच वजनाच्या घ्या, कातरून अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवा.

पाण्यात अगर घालून मध्यम आचेवर ढवळत राहा. ते ८५ अंशांच्या वरच नीट विरघळतं, म्हणून उकळी येऊ द्या आणि दोन मिनिटं उकळू द्या. उलथन्याला एकही कण चिकटलेला दिसता कामा नये. साखर आत्ताच घालायची नाही. आधी घातली तर अगर पूर्ण विरघळत नाही आणि वडी पडत नाही. अगर विरघळल्यावर साखर घाला, आच कमी करा आणि उलथनं उचलल्यावर पाकाची बारीक तार खाली लोंबेपर्यंत शिजवा. लाडवाच्या पाकाचा अंदाज ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको.

ताटलीला हलका तुपाचा हात लावून त्यात ओता. जाडी दीड-दोन सेंटिमीटर. खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब टाकून दातकोरण्यानं ओढा, ढवळू नका. रंग अर्धवट मिसळला तरच तो खडा नैसर्गिक दिसतो. कोकमाचं आगळ घालायचा मोह मलाही झाला होता. घालायचंच असेल तर भांडं आचेवरून उतरवल्यावर आणि चमचाभरच. आंबटाबरोबर उकळलं की अगरची पकड सुटते, शिवाय साखर नीट स्फटिक धरत नाही, आणि आपल्याला तर सगळं त्या स्फटिकासाठीच करायचं आहे.

दोन तासांत घट्ट होतं. आता सुरीनं कापू नका, हातानं तोडा. तुटलेल्या कडा वेड्यावाकड्या येतात आणि खडा खाणीतून काढल्यासारखा दिसतो. या क्षणी तो अगदीच मऊ जेली असतो आणि त्याला आवाज नसतो. आवाज पुढच्या दिवसांत तयार होतो. तुकडे एकमेकांना न चिकटता बटर पेपरवर मांडा, वर मलमल टाका आणि हवेशीर जागी ठेवा. रोज उलटा. तीन ते सात दिवसांत वरचं पाणी उडतं, पृष्ठभागावरची साखर स्फटिक धरते आणि पातळ, पांढुरकं कवच तयार होतं. आत मात्र जेली ओलीच राहते. हेच ते 'चुर्र' आणि 'मुच्'.

रोज एक तुकडा तोडून बघा. माझ्या अनुभवात तिसऱ्या दिवशी कवच अंड्याच्या सालीसारखं पातळ असतं, आवाज बारीक येतो. पाचव्या दिवशी सगळ्यात छान. आठवड्यानंतर जेलीही सुकत जाते आणि नुसती खडीसाखर उरते.

हवामान इथे सगळं ठरवतं. हिवाळ्यातल्या पुण्यात किंवा एप्रिलच्या नागपुरात कवच झपाट्यानं धरतं. जुलैतल्या मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात साखर हवेतलंच पाणी ओढून घेते आणि खडे आठ दिवसांनीही ओलसर राहतात. माझी पहिली खेप श्रावणात केली होती. बाराव्या दिवशीही बोटाला चिकटत होती आणि शेवटी टाकून द्यावी लागली. पावसाळ्यात करायचंच असेल तर एसीच्या खोलीत ठेवा. तांघुलूलाही हाच नियम, फक्त तिथे मोजमाप दिवसांचं नाही, मिनिटांचं: दमट हवेत त्याचा थर बघता बघता चिकट होतो.

तोंडात काय घालू नये

हा भाग घाईत वाचू नका.

छोट्या प्लास्टिकच्या वाटीतून ओठांनी ओढून खायची कोंजॅक जेली. कोंजॅक हा एक आशियाई कंद; त्याची जेली तोंडात विरघळत नाही, तो गोळा अख्खा घशात जाऊन बसतो. मुलांचे जीव गेले आहेत. युरोपीय संघानं २००२ मध्येच अशा वाट्यांची विक्री थांबवली. व्हिडिओत ती फार मजेशीर दिसते, तरीही नको.

धूर निघणारे पदार्थ. द्रवरूप नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ (ड्राय आइस) यांचा एक कण जरी तोंडात गेला तरी आतली कातडी भाजते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात मुखवासाच्या जागी कोरडा बर्फ दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या.

तांघुलूचा पाक साधारण १५० अंशांपर्यंत न्यावा लागतो. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ते ओघळून जातं. हा पाक चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. शेजारी थंड पाण्याचं भांडं हवं, मुलं स्वयंपाकघराबाहेर हवीत. फळ पूर्ण कोरडं हवं, नाहीतर पाक तडतडून अंगावर उडतो.

खडू, माती, पाटीवरची पेन्सिल, साबण, कच्चा स्टार्च खाण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यातले काही साखरेचे आणि चॉकलेटचे नमुने असतात, काही दुर्दैवानं खरे असतात. असं खावंसंच वाटत असेल तर ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवा, माईकला नाही. मधाचं पोळं प्रौढांना चालतं, मेण थुंकून टाका, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडी मधाचं बोटही लावू नका. बर्फ चावणं ऐकायला कितीही छान वाटलं तरी दातांना तडे जातात.

२०२५ मध्ये काचेची फळं सुरीनं कापण्याचे आणि तापलेला लाव्हा खाण्याचे व्हिडिओ खूप पसरले. ते संगणकानं, कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेले आहेत. घरातल्या लहानांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

आयात केलेलं पाकीट घेताना आयातदाराचं नाव, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असलेली चिकटपट्टी बघा. मी एकदा ती नसलेली गमी आणली. मूळ भाषेतलं लेबल नंतर कुणाकडून तरी वाचून घेतलं तेव्हा त्यात डुकराचं जिलेटिन निघालं. घरात उपासाचा दिवस होता आणि आईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

चौथी पायरी: खोली गप्प करणं

महागडा माईक घेण्याआधी खोली शांत करा. फुकटात होणारं आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हेच आहे.

रात्री एक ते चार ही वेळ. त्याआधी सोसायटीचा पंप चालतो, पहाटे दूधवाले आणि कावळे सुरू होतात. पंखा बंद. फ्रिज बंद, आणि बंद करताना घराची किल्ली फ्रिजच्या आत ठेवा. सकाळी बाहेर पडायला किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायचा राहिला आहे हे आपोआप आठवेल. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे आणि तिनं माझं दूध अनेकदा वाचवलं आहे. भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत न्या. फोन विमान मोडवर.

रिकामी खोली घुमते. स्वयंपाकघर तर सगळ्यात वाईट, फरश्या आणि ओटा. कपड्यांचं कपाट असलेली छोटी बेडरूम निवडा, कपाटाची दारं उघडी टाका, समोर आणि पाठीमागे गोधड्या टांगा. टेबलावर जाड सुती कापड पसरा, म्हणजे ताटली ठेवतानाचा ठोका माईकपर्यंत जाणार नाही. बांगड्या काढा. सिंथेटिक कपडे सळसळतात, सुती घाला.

मग हेडफोन लावून दोन मिनिटं नुसतं रेकॉर्ड करा. मला पहिल्या रात्री भिंतीपलीकडच्या इन्व्हर्टरची गुणगुण ऐकू आली होती, जी त्या घरात दहा वर्षं राहून कानांना कधी जाणवली नव्हती.

पाचवी पायरी: माईक

फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज वापरू नका. त्यातली यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. शांतता आली की आवाज वाढवते, 'चुर्र' आला की घाबरून दाबते, आणि बारीक आवाज हा गोंगाट समजून पुसून टाकते. सुरुवातीला कॉलरला लावायचा वायरचा साधा माईक चालेल, पण ज्यात आवाजाची पातळी हातानं ठरवता येते असं रेकॉर्डिंगचं ॲप घ्या आणि त्यातली गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवा.

नंतर पैसे घालायचे ठरवलंत तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: या माईकचा स्वतःचा आवाज किती? प्रत्येक माईक शांततेतही किंचित 'हिस्स' करतो. रोड कंपनीच्या एनटी-१ माईकचा हा आकडा ४.५ डेसिबलच्या आसपास आहे, तो फार कमी समजला जातो. बऱ्याच स्वस्त माईकचा २० च्या आसपास किंवा वर असतो. गाण्याला तेवढ्यानं फरक पडत नाही. समुद्रद्राक्षाचा एक मणी फुटण्याला पडतो.

माईक तोंडासमोर नको. हनुवटीच्या जरा खाली, एका बाजूला, एक वीतभर अंतरावर ठेवा, माईकचं तोंड आपल्या तोंडाकडे. म्हणजे श्वास त्याच्यावर जात नाही आणि चुराही पडत नाही. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा चावा ॲपमधल्या पातळीच्या पट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. लाल दिवा लागला की तो तुकडा फुकट गेला. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

सहावी पायरी: चावणं

बसण्याआधी अर्धी पोळी खा. रिकाम्या पोटाची गुरगुर माईक टिपतो. दूध-दही टाळा, तोंडात चिकटपणा येतो. कोमट पाणी प्या, आंबट हिरव्या सफरचंदाचे दोन घास खा. लाळेची चिकचिक काही वेळ कमी होते. निवेदन करणारे लोक हेच करतात.

सुरुवातीला दहा सेकंद अजिबात न हलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. मग चमच्यानं ताटलीवर एक टिचकी मारा. आवाज आणि चित्र वेगवेगळं घेतलंत तर नंतर जुळवायला ती उपयोगी पडते.

आता पदार्थ आधी बोटांनी वाजवा. खडा खड्यावर टेकवा, नखानं टकटक करा, कवचावरून बोट फिरवा. ऐकणाऱ्याचे कान या तयारीनं उघडतात, आणि मला तर कधी कधी चावण्यापेक्षा हाच भाग जास्त आवडतो. मग पुढच्या दातांनी, ओठ उघडे ठेवून, हळू चावा. कवच फुटण्याचा पातळ आवाज तोंडाबाहेर पडायला वाट हवी. त्यानंतर ओठ मिटा आणि दाढेनं चावा. तेव्हा आवाज जाड, खोल होतो. एकाच घासात आधी 'चुर्र', मग 'कुडुम', मग 'मुच्', असा उतार मिळाला की काम झालं. उघड्या तोंडानं शेवटपर्यंत चावत राहिलात तर लाळेची चपचप तेवढी उरते आणि बहुतेक ऐकणारे तिथेच निघून जातात.

तुम्हाला स्वतःला जे ऐकू येतं त्यावर विसंबू नका. आपलं चावणं आपल्यापर्यंत जबड्याच्या हाडांतून पोचतं, म्हणून ते भरदार वाटतं. माईकला फक्त हवेतलं ऐकू येतं. हेडफोन कानावर ठेवूनच चावा.

गिळताना मान वळवा. दोन घासांत पाच-सहा सेकंद थांबा. ती शांतता कापून टाकायचा मोह नंतर होईल. करू नका, झोपायला आलेल्या माणसाला ती हवी असते. सहा तुकडे झाले की थांबा. उरलेले घरच्यांना द्या.

सातवी पायरी: संपादन आणि टाकणं

इथे फार करण्यासारखं काही नसतं. ८० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका, रस्त्यावरच्या ट्रकची घरघर जाते. आवाज बोथट वाटला तर २ किलोहर्ट्झच्या वरचा भाग किंचित, दोन-तीन डेसिबल वाढवा. जास्त वाढवलात तर तोच कुरकुरीतपणा कानात टोचतो. गोंगाट काढणारं साधन सुरुवातीच्या दहा सेकंदांच्या शांततेवर शिकवून हलक्या हातानं वापरा. संगीत घालू नका.

यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, पण लहान आवाज वर नेत नाही. तुमचा व्हिडिओ लहान आवाजाचा असेल तर तो तसाच राहील, आणि तसाच राहू द्या. मात्र यूट्यूबच्या ॲपमध्ये आवाज सपाट करणारी 'स्टेबल व्हॉल्यूम' नावाची सोय असते, ती सुरू असली की तुमची सगळी मेहनत दबते. व्हिडिओखाली पहिल्याच ओळीत लिहा: हेडफोन लावा, स्टेबल व्हॉल्यूम बंद करा. दुसऱ्या ओळीत पदार्थाचं खरं नाव आणि तो कुठला आहे ते लिहा. ओकिनावातला एखादा माणूस आपलं उमिबुदो 'परग्रहावरची अंडी' म्हणून दाखवलेलं बघतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार करा. उद्या कुणी आपल्या हलव्याचं तसं केलं तर आपल्याला काय वाटेल?

तुकडे वाळत असतानाचं चित्रणही थोडं जोडा. खोट्या काचेच्या फळांच्या गर्दीत, हा खडा माणसानं पाच दिवस वाट बघून केला आहे हे बघणाऱ्याला दिसू द्या.

पुढच्या व्हिडिओंसाठी ऋतूच्या मागे चला. संक्रांतीला काटेरी हलवा. फेब्रुवारीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं तांघुलू. फळ घट्ट असतं आणि हवा अजून कोरडी असते. पाडव्याला गाठी. मे महिन्यात ताडगोळे; साल अलगद काढून गार करून चावले की आतलं पाणी 'पच्' करून सुटतं, तो आवाज माईक खाली, ताटलीच्या जवळ ठेवून घ्या. जून ते सप्टेंबर साखरेला हात लावू नका, तेव्हा समुद्रद्राक्षं भिजवा, आणि पाऊस कौलांवर वाजत असेल त्या रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवून रेकॉर्ड करून बघा.